अडचण ही लाज नव्हे

"लाख जावे पण साख जाऊ नये" ही म्हण आमच्या खेडोपाडीच्या लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हण खोटी नाही. परंतु साख म्हणजे काय, अब्रू म्हणजे काय, आणि ती नेमकी कशाने जाते, याचा विचार आम्ही शांतपणे बसून फारसा केलेला नाही. त्यामुळे झाले आहे असे की, जी गोष्ट गेल्याने माणसाचे काहीच जात नाही तिच्यासाठी आमचा शेतकरी जीव टांगणीस लावतो. आणि जी गेल्याने खरोखर सर्वस्व जाते, ती मात्र तो एका दिवसाच्या डौलासाठी दुसऱ्याच्या ओसरीवर गहाण ठेवून येतो. आजच्या अंकी याच विषयावर आमच्या कष्टकरी बंधुभगिनींशी उघडपणे बोलण्याचे आम्ही योजिले आहे. शब्द कोठे कडू लागले तर त्यांनी राग मानू नये. घरच्या माणसाने घरच्या माणसाशी स्पष्टच बोलावयाचे असते.

चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. उसनवारी करून बियाणे आणले. पावसाने दडी मारली म्हणून दुबार पेरणी केली. पीक हाताशी आले तो अवकाळी पाऊस कोसळला. आणि ज्याचे वाचले त्याच्या मालाचा बाजारात भाव पडला. सोसायटीचा हप्ता थकला. मग घरधनी पहिल्याने पारावर जाऊन बसावयाचे सोडतो. पुढे बाजाराचा रस्ता बदलतो, कारण नेहमीच्या रस्त्यावर उधारीने खत देणाऱ्याचे दुकान लागते. भाऊबंदांच्या कार्यास तो जात नाही. फोन वाजला की घर चिडीचूप होते. देण्याचा आकडा तो बायकोस सांगत नाही, कर्त्या मुलास सांगत नाही. रात्र रात्र आढ्याकडे पाहत पडून राहतो. आणि याच माणसाच्या घरी मुलीचे लग्न निघाले की मांडव मोठा हवा, वाजंत्री हवी, पाचशे पान उठले पाहिजे! का? तर लोक काय म्हणतील!

कारागिरांच्या घरीही निराळे नाही. लाकडी नांगर गेला, ट्रॅक्टर आला. मातीचे मडके गेले, प्लॅस्टिक आले. शिवलेल्या कपड्याऐवजी तयार कपडा आला. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी यांच्या हातचे कसब कमी झाले नाही, त्याचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. तरी रिकाम्या भात्यापुढे बसलेला लोहार मनात म्हणतो की, आपणच नालायक निघालो.

आम्ही विचारतो, या माणसांनी केले तरी काय? चोरी केली काय? कोणाचा बांध कोरला काय? पाऊस त्यांनी पाडला नाही, बाजाराचा भाव त्यांनी ठरविला नाही. रात्रंदिवस राबूनही ज्याचे पारडे हलके पडले, त्याने मान खाली घालून चालावे हा कोठला न्याय? अडचण ही अडचण आहे, ती लाज नव्हे. या दोन शब्दांची गल्लत झाली, तेथेच आमच्या घरांचा घात झाला आहे.

ही गल्लत आपोआप झालेली नाही. "ज्याचे देणे थकले तो नादान" ही समजूत कोणाच्या सोयीची आहे ते पाहा. लाजलेला कुळवाडी हिशेब विचारीत नाही, पावती मागत नाही, चारचौघांत तोंड उघडत नाही. सावकारास याहून चांगले कूळ कोठे मिळावयाचे? उलट मोठमोठ्या कारखानदारांची कोट्यवधी रुपयांची थकलेली कर्जे बँका आपल्या वह्यांतून निर्लेखित करितात. त्यांपैकी कोणी लाजेने बाजाराचा रस्ता बदलल्याचे आमच्या वाचकांनी पाहिले आहे काय? मग लाजेचा सारा मक्ता दोन एकरवाल्यानेच का घ्यावा?

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. वर सरकारने साऱ्याची आकारणी वाढविलेली. दक्षिणेतील कुणबी सावकाराच्या वहीत गळ्यापर्यंत बुडाला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले आणि पुढे गावोगावी त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. जाळपोळीचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. परंतु त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनपुढे रयतेची दशा उघडी पडली आणि १८७९ साली डेक्कन शेतकरी कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्यास केवळ पैशाच्या देण्यासाठी पकडून तुरुंगात घालण्याची चाल बंद केली. म्हणजे परक्या सरकारच्या कायद्यानेदेखील सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले की, कर्जदार म्हणजे गुन्हेगार नव्हे. आमचे बांधव मात्र आजही स्वतःच्याच मनात स्वतःस बेड्या ठोकून बसले आहेत!

मग अब्रू कशाने जाते? ज्यांना साऱ्या जन्मात मानमरातबापेक्षा निंदाच अधिक मिळाली, त्यांच्या चरित्रास हे विचारू. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शाळेत जावयास निघाल्या की लोक अंगावर शेण व चिखल फेकीत. त्या माउलीने घरी बसणे पत्करले नाही, की फेकणाऱ्यांच्या पाया पडणेही पत्करले नाही. एक जादा लुगडे बरोबर नेले. शाळेत गेल्यावर घाणीने भरलेले बदलावे आणि शिकवावयास लागावे. आम्हांस या प्रसंगात अब्रूची सारी व्याख्या दिसते. शेण पडले ते लुगड्यावर. अब्रू फेकणाऱ्यांची गेली, बाईंची नव्हे. आणि उपाय पाहा किती साधा! आकांडतांडव नाही, रडगाणे नाही; एक जादा लुगडे आणि हाती घेतलेले काम.

जोतीरावांचेही तसेच. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यास राणीच्या चिरंजीवांसाठी, ड्यूक ऑफ कॅनॉट यांसाठी, मेजवानी झाली. बडी बडी मंडळी उंची पोशाख करून आली होती. जोतीराव गेले ते कुणब्याच्या वेषात, आणि खरा देश खेड्यांत आहे हे त्यांनी राजपुत्रास तोंडावर सांगितले. त्यांना गरिबीचा वेष मिरवावयाचा नव्हता. आमच्या धन्याच्या अंगावर जे आहे ते दाखविण्यात लाज कसली, हे त्यांना सांगावयाचे होते. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. घरी पैशाचीही ओढ होती. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावीत अंथरुणाला खिळला असता. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहावयास घेतले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून निघाले ते १८९१ साली. उजवा हात गेला तर डावा आहे, ही ती वृत्ती. दुःख नाकारणे याला आम्ही धीर म्हणत नाही. दुःख खरे आहे हे मान्य करून, उरलेल्या हाताने काय होईल हे पाहणे याचे नाव धीर.

कारागीर बांधवांनी तर आपल्या जुन्या पिढीचे एक कृत्य काळजावर कोरून ठेवावे. १८९० साली मुंबईस न्हावी मंडळींची मोठी सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही असे त्यांनी ठरविले. पाठीशी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे कार्यकर्ते होते. त्या मंडळींची घरे काही सोन्याने मढविलेली नव्हती. हातावर पोट होते. तरी ज्या मजुरीने दुसऱ्याच्या लेकीबाळीची विटंबना होते ती मजुरी आम्हांस नको, असे ते म्हणू शकले. गरिबाला स्वाभिमान परवडत नाही असे म्हणणाऱ्यांस एवढे एक उत्तर पुरे.

आता कामाच्या लाजेविषयी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांपैकी पुष्कळ मंडळी अजून हयात आहेत, त्यांस विचारा. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली. तेव्हा रस्त्याच्या व पाझर तलावाच्या कामांवर लाखो माणसे उतरली. ज्यांच्या घरी कालपर्यंत गडी राबत होते अशा घरच्या बायाही डोईवर पदर घेऊन खडी फोडावयास बसल्या. वाट्याला आलेली सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्यांची अब्रू गेली काय? उलट त्यांच्याच घामातून रोजगार हमीची कल्पना बळावली, १९७७ साली महाराष्ट्रात तिचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हा हक्क ठरला. हातात घण घेतलेल्या त्या बायांनी नुसते पोट भरले नाही. साऱ्या देशास एक कायदा शिकविला. आणि आज आमचा शिकलेला मुलगा बापाच्या शेतात खुरपे धरावयास लाजतो, सुताराचा मुलगा रंधा हाती घ्यावयास लाजतो, पण दुसऱ्याच्या पैशावर मोटारसायकल उडवावयास लाजत नाही! लाज बाळगावयाचीच असेल तर ती येथे बाळगावी. जुना धंदा बसला म्हणून नवा पत्करणे यातही कमीपणा नाही. हातातले कसब महत्त्वाचे. त्याने नांगर घडविला काय आणि लोखंडी दरवाजे घडविले काय, सारखेच.

येथे आम्ही एक इशारा देऊन ठेवितो. हल्ली पोट भरलेले काही उपदेशक रिकाम्या पोटाच्या माणसांस "हसत राहा, चांगला विचार करा, सारे ठीक होईल" असे सांगत फिरतात. त्यांच्या पंगतीत आम्हांस कोणी बसवू नये. नुसत्या हसण्याने कांद्याचा भाव चढत नाही. सोशिकपणा म्हणजे मुकेपणा नव्हे, आणि धीर धरणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. हक्काचे असेल ते हक्क म्हणून मागावे. भीक म्हणून मागू नये. कचेरीत गेल्यावर पागोटे काढून पायाशी ठेवण्याचे दिवस गेले. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, उत्तर लेखी मागावे. हाच आजचा स्वाभिमान.

आणि देणे बुडवा असेही आम्ही सांगत नाही. घेतले ते फेडण्याची नियत हीच खरी साख. परंतु फेडणे वेगळे आणि नागविले जाणे वेगळे. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारी नियमनाचा कायदा झाला आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याने गुन्हा ठरविला. शेतकऱ्यास तारणावर सालीना ९ टक्के व विनातारण १२ टक्के एवढाच दर त्या साली सरकारने ठरवून दिला. आणि गावोगावचे बिनपरवाना सावकार महिन्याला पाच पाच, दहा दहा टक्के उकळतात! मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकारास वसूल करिता येत नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतील असेल तर ती परत मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या सहकार निबंधकाकडे अर्ज करिता येतो. कर्जदाराच्या घराभोवती घिरट्या घालून त्यास सतावणे हाही गुन्हा आहे. बँका व फायनान्स कंपन्यांच्या वसुलीदारांनी सकाळी आठच्या आत व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, कर्जदारास चारचौघांत अपमानित करू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिला. म्हणजे कायदासुद्धा कर्जदाराची अब्रू मानतो. मग ती खुद्द कर्जदारानेच का मानू नये?

आमचे सांगणे थोडक्यात असे. पहिली गोष्ट, घरातील प्रत्येक देणे एका वहीत लिहा: कोणाचे, किती, कोणत्या दराने. अंधारात जो राक्षस वाटतो तो कागदावर उतरला की आकडा होतो, आणि आकड्याशी माणसाला झगडता येते. दुसरी, ती वही बायकोपुढे ठेवा. जी बाई खुरपणीपासून मळणीपर्यंत तुमच्या बरोबरीने राबते, ती तुमचे देणे ऐकून कोसळणार नाही. ती दुसऱ्या दिवशी काय करावयाचे हे विचारील. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातील गरीब मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. दागिना गेला म्हणून त्यांची अब्रू गेली नाही. आज रयत शिक्षण संस्थेतून शिकून निघालेली घरेच्या घरे त्यांचे नाव घेतात. तिसरी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका, आणि एकट्याने सावकाराकडे वा बँकेत जाऊ नका; शेजारचा जाणता माणूस बरोबर घ्या. चौथी, लग्नासाठी कर्ज काढणे बंद करा. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले ते पुरोहितावाचून आणि बडेजावावाचून. त्या नवराबायकोचा संसार काही पंगतीवाचून अडला नाही. मांडवातले लोक जेवून निघून जातात, व्याज मात्र घरात मुक्कामाला राहते.

आता अखेरचे, आणि सर्वांत जड. या लाजेपायी आमच्या कित्येक घरांतील कर्ती माणसे जीव देऊन गेली. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे एक अख्खे शेतकरी कुटुंब गेले. त्याच्या आठवणीत आजही दर वर्षी १९ मार्चला पुष्कळ लोक अन्नत्याग करितात. गेलेल्यांस आम्ही दोष देणार नाही. त्यांना तेथपर्यंत नेणारी व्यवस्था दोषी आहे, आणि त्यांचे गप्प होणे पाहूनही न विचारणारे आम्ही गावकरीही दोषी आहोत. परंतु जो आज या विचाराच्या काठावर उभा असेल त्यास आम्ही हात धरून सांगतो: बाबा रे, तू गेलास म्हणून देण्याचा विचार तुझ्याबरोबर जात नाही, तो तुझ्या बायकोच्या पदरात पडतो. आणि नवल असे की, ती बाई मग उभी राहते. शिवणयंत्र चालविते, मजुरीला जाते, मुलांस शाळेत धाडते, कचेरीच्या पायऱ्या झिजविते. परिस्थिती तीच, पाऊस तोच, बाजार तोच. मग जे बळ तिला एकटीला आणावे लागते, ते दोघांनी मिळून का आणू नये? मनात असा विचार आला तर तो तासभरही एकट्याने उराशी धरू नका. मित्रास सांगा, डॉक्टरास सांगा. त्याची लाज तापाएवढीही नसावी. सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

गावकऱ्यांसही आमची विनंती आहे. पारावरची रोजची जागा ज्याची चार दिवस रिकामी दिसेल, त्याच्या घरी पाचव्या दिवशी जा. "पैसे कधी देतोस" हे विचारावयास नव्हे. "भाकर खाल्लीस का" हे विचारावयास जा. इर्जिक घालून एकमेकांची शेते नांगरणारी आमची जात आहे; एकमेकांची दुःखे नांगरावयास आम्ही का विसरलो?

जमीन एका पावसाने पुन्हा हिरवी होते. गेलेला बैल पुन्हा घेता येतो, बसलेला धंदा पुन्हा उभा राहतो, थकलेला हप्ता फिरून बांधून घेता येतो. एक माणूस मात्र पुन्हा आणता येत नाही. म्हणून, बंधूंनो, उद्या सकाळी डोके वर करून त्याच जुन्या रस्त्याने बाजारास जा. दुकानदार भेटला तर त्यास रामराम घाला आणि सांगा, "देणे आहे, माहीत आहे, लिहून ठेविले आहे, पिकले की आणून देईन." ज्याला एवढे सरळ उभे राहून बोलता आले, त्याची अब्रू हिरावून घेणारा सावकार अजून जन्मास यावयाचा आहे.